आडव्या वाऱ्यात विमान उतरते तेव्हा

बुलढाण्याहून भोकरदनकडे जाणाऱ्या रस्त्यावर धाड हे गाव लागते. अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या पाठीवर पसरलेला हा वऱ्हाडचा पश्चिम कोपरा. येथे विमानतळ नाही. एका अंगाला दूर अकोला आणि दुसऱ्या अंगाला छत्रपती संभाजीनगर, म्हणजे पूर्वीचे औरंगाबाद, येथे तो आहे. असे असूनही विमान उतरवण्याच्या विद्येतला पहिला पाठ ह्या मुलखातील शेतकऱ्याला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होता, असे मी म्हटले तर आपण ते विनोदावारी नेऊ नये. मळणीयंत्रे येण्यापूर्वी सुगीच्या अखेरीस खळ्यावर उपणणी चाले. उंचावर उभा राहिलेला मनुष्य आधी मूठभर भुसा हवेत सोडून वारा कोणत्या अंगाने येतो ते पाही, त्याप्रमाणे आपली जागा ठरवी, आणि दुपारी वारा फिरला म्हणजे तोही निमूटपणे फिरे. वाऱ्याला आज्ञा करण्याचा विचार त्याच्या मनात येत नसे. खळे गोल असते ही गोष्टही ध्यानात ठेवण्यासारखी आहे. गोल जागेला तोंड नसते आणि पाठ नसते. ज्या बाजूने वारा येईल ती तिची पुढची बाजू.

विमानविद्येच्या आरंभीच्या तीसेक वर्षांत वैमानिकांनाही नेमके असेच खळे मिळाले होते. पुढे ते त्यांच्या हातून गेले आणि त्याच्या जागी धावपट्टी आली. आडव्या वाऱ्यात उतरताना होणाऱ्या लहान विमानांच्या अपघातांचा इतिहास हा माझ्या मते ह्या एका बदलाचा इतिहास आहे, आणि तोच आज मी आपल्यापुढे मांडणार आहे.

प्रथम थोडे शास्त्र सांगितले पाहिजे. ते फार नाही. विमान तोलले जाते ते पंखांवरून वाहणाऱ्या हवेवर. जमीन खालून किती वेगाने मागे जात आहे ह्याच्याशी पंखांना काही कर्तव्य नसते. एखाद्या लहान विमानाला हवेत तरंगत राहण्यास ताशी ५० मैलांचा वेग लागत असेल आणि समोरून ताशी २० मैलांचा वारा येत असेल, तर जमिनीला टेकताना त्याचा जमिनीवरचा वेग केवळ ३० मैल भरतो. उलट तोच वारा पाठीमागून असेल तर वेग ७० वर जातो. म्हणून वाऱ्याला तोंड देऊन उतरावे हा नियम विमानाइतकाच जुना आहे. राईट बंधूंनी किटी हॉकचा ओसाड वाळूचा किनारा निवडला तो तेथील जोरकस वाऱ्यासाठी. १७ डिसेंबर १९०३ रोजी त्यांनी आपला ६० फूट लांबीचा लाकडी रूळ वाऱ्याच्या नेमका समोर मांडला होता. त्या दिवशी चार उड्डाणे झाली. चौथ्यानंतर विमान जमिनीवर उभे असताना वाऱ्याच्या एका झोताने ते उलथून पाडले आणि ते मोडले. जगातील पहिले विमान हवेत असताना नव्हे, तर जमिनीवर असताना वाऱ्याने निकामी केले, ह्या घटनेकडे इतिहासकारांचे लक्ष थोडे कमीच गेले आहे.

सहा वर्षांनी, २५ जुलै १९०९ रोजी, लुई ब्लेरिओ ह्या फ्रेंच गृहस्थाने इंग्लिश खाडी ओलांडली. डोव्हरच्या किल्ल्यामागे गवताचा एक उतार होता, तेथे तो उतरावयास आला तेव्हा कड्यावरून वर चढणाऱ्या वाऱ्याच्या भोवऱ्यांनी त्याचे विमान गरगर फिरवले. सुमारे २० मीटर उंचीवर असताना त्याने इंजिन बंद केले आणि विमान धपकन खाली आले. पंखा मोडला, चाकांचा सांगाडा मोडला, ब्लेरिओ मात्र सुखरूप राहिला आणि जगभर कीर्तिमान झाला. गंमत अशी की आडव्या वाऱ्याचा विचार ज्याने सर्वांच्या आधी केला तो हाच मनुष्य. त्याच्या विमानाची पुढची दोन चाके खुर्चीच्या पायाला लावलेल्या चाकांप्रमाणे आपल्या आपण वळत. विमानाचे नाक एकीकडे आणि गती दुसरीकडे असली तरी चाके गतीच्या दिशेने धावावीत अशी ती योजना होती. ही कल्पना त्या काळाच्या फार पुढची होती. तिचे पुढे काय झाले ते ओघाने येईलच.

आता आपल्याकडे येऊ. १९२८ साली मुंबईत जुहू येथे नागरी विमानतळ सुरू झाला आणि त्याच वर्षी बॉम्बे फ्लाइंग क्लबची स्थापना झाली. जहांगीर रतनजी दादाभाई टाटा यांना १० फेब्रुवारी १९२९ रोजी मिळालेला वैमानिकाचा परवाना हा हिंदुस्थानात दिला गेलेला पहिला क्रमांकाचा परवाना. त्या काळातील जुहू म्हणजे समुद्रालगतचे चिखलाचे सपाट मैदान होते. त्या काळची ‘मॉथ’ जातीची विमाने लाकूड आणि कापड यांची, वजनाला हलकी. शेपटीखाली चाकाऐवजी एक पट्टी असे, ती जमिनीवर घासत जाई आणि तोच काय तो ब्रेक. अशा विमानाला मोठे मोकळे मैदान हेच सर्वांत मोठे सुख. वारा पाहण्यासाठी काठीवर कापडाची लांबट पिशवी फडकत असे, शेजारी जमिनीवर उतरण्याची दिशा दाखवणारी पांढरी खूण मांडलेली असे. वैमानिक वरून एक घिरटी घाली, पिशवी पाही, कोठे धूर निघत असल्यास त्याचा कल पाही, आणि ज्या दिशेने वारा येत असेल त्या दिशेकडे तोंड करून उतरे. पश्चिमेचा वारा असेल तर पश्चिमेकडे, वायव्येचा असेल तर वायव्येकडे.

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी टाटा कराचीहून टपाल घेऊन अहमदाबादमार्गे जुहूला उतरले ते ह्याच मैदानावर. विमान होते ‘पस मॉथ’. अहमदाबादेस त्याच्यासाठी पेट्रोलचे डबे बैलगाडीतून आणलेले होते, हे अनेकांनी वाचले असेल. तेथून पुढे नेव्हिल व्हिन्सेंट याने तेच टपाल बेल्लारीमार्गे मद्रासला नेले. ‘पस मॉथ’ची एक युक्ती सांगण्यासारखी आहे. तिच्या चाकांच्या दांड्यांवर चपटी आवरणे असत. वैमानिकाने ती काटकोनात फिरवली म्हणजे ती हवेला अडवत आणि विमानाचा वेग उतरे. पावसाळ्यात मात्र जुहूचे मैदान भरतीच्या वेळी समुद्राच्या पातळीखाली जाई. मग हा सारा संसार, म्हणजे दोन विमाने, तीन वैमानिक आणि तीन यांत्रिक, पुण्यास हलवावा लागे आणि येरवड्याच्या तुरुंगाच्या सावलीतील मैदानावर विमाने उतरत. तेही मैदानच. १९३३ ह्या पहिल्या पुऱ्या वर्षात ह्या लहानग्या सेवेने १,६०,००० मैल उड्डाण केले आणि १५५ उतारू नेले. आज आपल्याला हा आकडा हास्यास्पद वाटेल. परंतु ते सारे मैल मैदानावरून मैदानावर उडून केलेले होते.

त्या काळी अपघात होत नसत असे मला सुचवावयाचे नाही. मे १९३० मध्ये एमी जॉन्सन ही तरुणी इंग्लंडहून ऑस्ट्रेलियास एकटी चालली होती. अलाहाबादेपर्यंत पेट्रोल पुरेना म्हणून ती झांशीच्या कवायतीच्या मैदानावर उतरली आणि तिच्या ‘जिप्सी मॉथ’चा पंख दुखावला. पुढे रंगूनजवळ ती खेळाच्या मैदानावर उतरली आणि विमान खंदकात गेले. पण हे अपघात जागा अपुरी असल्याचे, ब्रेक नसल्याचे, कुंपण आडवे आल्याचे. वारा बाजूने आला म्हणून विमान वाटेबाहेर गेले, हा प्रकार त्या काळात तुलनेने गौण होता. कारण बाजू ठरवण्याचा अधिकार वैमानिकाकडे होता.

मैदाने गेली ती दोन कारणांनी. विमाने जड झाली आणि त्यांची चाके पावसाळी गवतात रुतू लागली. शिवाय महायुद्ध आले, आणि युद्धाला ऋतू पाहून चालत नाही. तेव्हा काँक्रीटच्या आणि डांबराच्या पट्ट्या आल्या. तथापि त्या वेळच्या इंजिनियरांना वाऱ्याचा विसर पडलेला नव्हता. ब्रिटिश हवाई दलाने १९४२ साली जो प्रमाण नमुना ठरवला त्यात एक मोठी धावपट्टी २,००० यार्डांची आणि तिला छेदणाऱ्या दोन १,४०० यार्डांच्या, अशा तीन पट्ट्या होत्या. त्या एकमेकींशी सुमारे ६० अंशांचा कोन करत. त्यामुळे वारा कोठूनही आला तरी कोणती ना कोणती पट्टी त्याच्यापासून ३० अंशांच्या आत सापडे. गोल खळ्याचा त्रिकोण झाला असे म्हणा हवे तर. युद्धानंतर त्रिकोणही महाग वाटू लागला. जमिनीला किंमत आली, विमाने आणखी वेगवान आणि जड झाली, त्यांना वाऱ्याची पर्वा कमी राहिली, आणि एकच लांब पट्टी बांधावी हा व्यवहार रूढ झाला.

एकच पट्टी बांधावयाची तर ती प्रदेशातील मुख्य वाऱ्याच्या रेषेत बांधतात. येथे आपल्या महाराष्ट्राचा भूगोल मोठा सूचक दिसतो. धावपट्टीचा क्रमांक म्हणजे चुंबकीय उत्तरेपासून मोजलेल्या तिच्या दिशेचे अंश दहाने भागून येणारा आकडा. पूर्वेकडे तोंड केले की ०९, त्याच पट्टीवर उलट फिरून पश्चिमेकडे तोंड केले की २७. मुंबईच्या मोठ्या विमानतळाची मुख्य पट्टी ०९–२७. छत्रपती संभाजीनगर ०९–२७. जळगाव तेच, नाशिकजवळचे ओझर तेच. पुणे आणि अकोला १०–२८, म्हणजे किंचित कललेले. जणू एकाच माणसाने पट्टी धरून रेघा ओढल्या! तो माणूस म्हणजे नैर्ऋत्य मोसमी वारा होय. जूनपासून सप्टेंबरपर्यंत तो पश्चिमेच्या अंगाने दख्खनवर लोटत असतो आणि वर्षातील सर्वांत जोरकस व सातत्याचा वारा तोच.

ह्या एकसारखेपणातून मुंबईत दोनदा मोठी गंमत घडली. जुहूची मुख्य पट्टी आणि सांताक्रूझची मुख्य पट्टी एकाच वाऱ्याच्या आज्ञेने आखलेल्या, जवळजवळ एका ओळीत. १५ जुलै १९५३ रोजी ब्रिटिश कंपनीचे एक ‘कॉमेट’ जेट सांताक्रूझ समजून चिमुकल्या जुहूवर उतरले. ते तेथून पुन्हा उडवून नेण्यास नऊ दिवस लागले. २४ सप्टेंबर १९७२ रोजी जपानी कंपनीच्या डीसी-८ विमानाने तीच चूक केली आणि ते पट्टीबाहेर जाऊन कायमचे निकामी झाले. हे अपघात आडव्या वाऱ्याचे नव्हेत. पण धावपट्ट्यांचा नकाशा वारा काढतो ह्याचा ह्याहून ठसठशीत पुरावा मला माहीत नाही.

आता प्रश्न असा की मुख्य वारा सोडून दुसरा वारा सुटला म्हणजे काय? चैत्र-वैशाखात वऱ्हाडात आणि मराठवाड्यात दिवस चढू लागला की काळी जमीन तापते, उन्हाचे लोट वर उठतात, शेतातून वावटळी धावू लागतात. वारा घटकेत उत्तरेचा, घटकेत दक्षिणेचा. दुपार कलली की वळवाचा ढग उभा राहतो आणि पाऊस पडण्याच्या आधीच त्याच्या पोटातून थंड वाऱ्याचा लोंढा जमिनीवर पसरतो. तो कोणत्या दिशेने येईल ते ढग कोठे आहे ह्यावर अवलंबून. पूर्व-पश्चिम पट्टीवर उतरणाऱ्या लहान विमानाला हा वारा थेट कुशीत लागतो.

तो लागला म्हणजे काय होते, हे समजण्यासाठी पुराच्या दिवसांतील नावाड्याची आठवण करावी. समोरच्या घाटावर पोचावयाचे तर तो नावेचे तोंड घाटाकडे धरत नाही, प्रवाहाच्या वरच्या अंगाला धरतो. नाव तिरपी दिसते, जाते मात्र सरळ. वैमानिकही तेच करतो. विमानाचे नाक वाऱ्याकडे वळवून तो तिरक्या अंगाने पट्टीच्या रेषेवर सरकत येतो. ह्या चालीला जगभरचे वैमानिक खेकड्याची चाल म्हणतात. हवेत असेपर्यंत ह्यात काहीच अडचण नाही. अडचण शेवटच्या दोन-तीन सेकंदांत आहे. नाव घाटाला तिरपी लागली तरी चालते. विमानाची चाके मात्र पट्टीच्या रेषेतच टेकली पाहिजेत, नाही तर ती बाजूला घासली जातात आणि सारा भार एका पायावर येतो. म्हणून टेकण्याच्या क्षणी सुकाणूच्या पायट्यांनी नाक सरळ करावे लागते. सरळ केले की लगेच वारा विमानाला पट्टीवरून बाजूला ढकलू लागतो. त्याला उतारा म्हणून वाऱ्याकडचा पंख किंचित खाली झुकवावा लागतो आणि मग विमान आधी एका चाकावर, नंतर दुसऱ्या चाकावर टेकते. बाहेरून पाहणाऱ्याला हे उतरणे वेडेवाकडे दिसते, पण शास्त्राप्रमाणे ते अगदी बरोबर असते. दोन्ही चाकांवर एकदम अलगद टेकणारे देखणे उतरणे आडव्या वाऱ्यात बहुधा चुकीचे असते, ही ह्या विद्येतली एक थट्टाच म्हणावयाची.

जमिनीला टेकले म्हणजे संपले असेही नाही. विमानाच्या शेपटीवरील उभे पान वातकुक्कुटाच्या शेपटीसारखे काम करते. वारा त्यावर आपटला की नाक वाऱ्याकडे वळू पाहते. जुन्या विमानांत ह्याला दुसरा दोष येऊन मिळाला. त्यांची दोन मोठी चाके पुढे आणि शेपटीचे लहान चाक मागे असे, आणि वजनाचा मध्य मोठ्या चाकांच्या मागे पडे. बाण पिसांच्या बाजूने पुढे फेकला तर तो हवेत उलटा फिरावयास पाहतो, त्याप्रमाणे असे विमान जमिनीवर धावताना किंचित वाकडे झाले की आणखी वाकडे होत जाते. वैमानिकाने तत्काळ सावरले नाही तर मागचा भाग पुढे येतो, विमान स्वतःभोवती गिरकी घेते, बाहेरचा पंख जमिनीवर आपटतो, पाय मोडतो. ह्या गिरकीने किती विमाने मोडली ह्याची गणती करणे कठीण. जर्मनांचे प्रख्यात ‘मेसरश्मिट १०९’ हे शत्रूइतकेच आपल्या नवशिक्या वैमानिकांनाही भारी पडले, कारण त्याच्या चाकांमधले अंतर फार कमी होते. इंग्रजांच्या ‘स्पिटफायर’चेही तसेच; उलट ‘हरिकेन’ची चाके दूरदूर असल्यामुळे ते ओबडधोबड मैदानावरही शांतपणे धावे.

मैदान असेपर्यंत ह्या दोषाची फारशी झळ लागली नाही. पट्टी आली आणि दोष उघडा पडला. मग यंत्रज्ञांनी चाकच हलवले: लहान चाक शेपटीखालून काढून नाकाखाली आणले. त्यामुळे वजनाचा मध्य मोठ्या चाकांच्या पुढे आला आणि वाकडे झालेले विमान आपल्या आपण सरळ होऊ लागले. फ्रेड वाइक ह्या अमेरिकन शास्त्रज्ञाने आखलेले ‘एरकूप’ हे विमान १९४० साली बाजारात आले. त्याला सुकाणूच्या पायट्याच नव्हत्या! ते आडव्या वाऱ्यात तिरपेच उतरे आणि टेकल्यावर स्वतः सरळ होई. जुन्या वैमानिकांनी त्याची टर उडवली, पण शास्त्र वाइकच्या बाजूचे होते. दुसरीकडे ब्लेरिओची आपोआप वळणारी चाके युद्धानंतर पुन्हा अवतरली. अमेरिकेतील टायर बनवणाऱ्या गुडइयर कंपनीने तशी चाके लहान विमानांना बसवून दाखवली. लहान विमानांत ती टिकली नाहीत. टिकली ती एका राक्षसात: १९५२ साली प्रथम उडालेल्या ‘बी-५२’ ह्या आठ इंजिनांच्या बॉम्बफेकी विमानाची चाके वैमानिक २० अंशांपर्यंत वळवून ठेवू शकतो आणि ते अवाढव्य विमान खेकड्यासारखे तिरपे धावत उतरते.

सामान्य शिकाऊ वैमानिकाच्या नशिबी आले ते ‘सेसना’. १९५६ साली विक्रीस आलेल्या ‘सेसना १७२’ला नाकाखाली चाक होते, आणि उतरणे आता मोटार चालवण्याइतके सोपे झाले असा कंपनीच्या जाहिरातीचा डौल होता. त्या जातीची ४४,००० हून अधिक विमाने बनली. जाहिरात अगदीच खोटी नव्हती म्हणावयाची. पण सोपे झाले ते जमिनीवरचे धावणे. हवेतले अखेरचे दोन-तीन सेकंद पूर्वीइतकेच अवघड राहिले. त्यात नवीन विमानाने एक नवीन खोड आणली. घाबरलेला विद्यार्थी पट्टीवर विमान दाबून बसवू पाहतो, तेव्हा भार नाकाखालच्या एकट्या चाकावर येतो, मागची चाके हलकी पडतात, आणि आडव्या वाऱ्यात विमान त्या एका चाकाभोवती, एकचाकी हातगाडी कलंडावी तसे, फिरते.

आणखी एक गैरसमज नोंदवला पाहिजे. प्रत्येक विमानाच्या पुस्तिकेत आडव्या वाऱ्याचा एक आकडा दिलेला असतो: ‘सेसना १५२’साठी १२ नॉट, ‘१७२’साठी १५ नॉट. एक नॉट म्हणजे ताशी सुमारे १.८५ किलोमीटर, तेव्हा हे वारे ताशी २२ आणि २८ किलोमीटरांचे झाले. विद्यार्थी ह्या आकड्याला विमानाची मर्यादा समजतो. वास्तविक त्याचा अर्थ एवढाच की विमानाची चाचणी झाली तेव्हा कंपनीच्या कसलेल्या वैमानिकाने इतक्या वाऱ्यात ते उतरवून दाखवले. अमेरिकेच्या प्रमाणपत्राच्या नियमांत दीर्घकाळ अट होती तीही माफक, विमान तरंगू शकेल अशा किमान वेगाच्या एक पंचमांश इतक्या आडव्या वाऱ्याची. हा आकडा विमानाबद्दल काही सांगतो. चाळीस तास उडालेल्या मुलाच्या हातांबद्दल काहीच सांगत नाही.

लहान विमानालाच हे दुखणे अधिक का, ह्याचे उत्तर साध्या त्रिकोणमितीत आहे. १५ नॉटांचा वारा बरोबर काटकोनात येत आहे असे धरा. १४० नॉटांनी उतरणाऱ्या मोठ्या जेट विमानाला रेषेवर राहण्यासाठी नाक सुमारे ६ अंश वळवावे लागते. ६० नॉटांनी उतरणाऱ्या शिकाऊ विमानाला तेच १४ अंशांहून अधिक. म्हणजे अखेरच्या क्षणी विद्यार्थ्याला जे वळण सरळ करावे लागते ते अनुभवी कॅप्टनच्या दुपटीहून मोठे असते. वारा तिरपा असेल तर हिशेब बदलतो; ३० अंशांवरून येणाऱ्या वाऱ्याचा निम्मा जोर आडवा लागतो, ६० अंशांवरून येणाऱ्याचा जवळजवळ सगळा. म्हणूनच युद्धकाळातील त्रिकोणात वारा ३० अंशांच्या आत राखण्याची जी दक्षता होती ती निव्वळ हौस नव्हती. आडव्या वाऱ्याचा जोर तिने निम्म्यावर आणला होता.

हे सारे आपल्या घरापर्यंत आले आहे. बारामती, धुळे, शिरपूर, गोंदिया अशा ठिकाणी उड्डाणशाळा निघाल्या. जुहूच्या गर्दीत शिकवणे अशक्य झाल्यामुळे बॉम्बे फ्लाइंग क्लबलाही आपले शिक्षण धुळ्याला न्यावे लागले. अमरावतीजवळ बेलोरा येथे एअर इंडियाने वैमानिकांची शाळा काढण्याचे २०२४ मध्ये जाहीर केले, आणि १६ एप्रिल २०२५ पासून तेथून उतारूंचे विमान उडू लागले. म्हणजे वऱ्हाडच्या वाऱ्यात शिकणारी मुले आता आपल्याच शेजारपाजारची असतील. मुलाच्या अथवा मुलीच्या परवान्यासाठी घर गहाण टाकणारे पालक मला माहीत आहेत. त्यांच्याशी बोलताना एक गोष्ट जाणवते. इंजिन बंद पडेल काय, आग लागेल काय, हे ते विचारतात. वारा बाजूने आला तर काय, हे कोणी विचारत नाही. वस्तुतः लहान विमानांचे अपघात संख्येने सर्वाधिक होतात ते उतरतानाच. त्यांतील बहुतेकांत माणूस वाचतो. पंख वाकतो, पंखा मोडतो, शाळेचे विमान काही महिने जायबंदी होते. प्राणावर बेतते ते बहुधा तेव्हा, जेव्हा विद्यार्थी जमिनीला टेकून उसळल्यावर, वेग गेल्यावर, पट्टी बाजूला सरकल्यावर मग परत वर उडण्याचा प्रयत्न करतो.

परत वर जाण्याची ही क्रिया, जिला वैमानिक ‘गो-अराउंड’ म्हणतात, आधी केली तर निर्धोक आणि उशिरा केली तर घातक. विद्यार्थ्याला ती पराभवासारखी वाटते. शिक्षक जमिनीवर उभा राहून पाहत आहे, सोबती पाहत आहेत, आणि आपण एकट्यानेच विमानात आहोत. अशा वेळी पट्टी डोळ्यांसमोर असताना ती सोडून वर जाण्यास जो निश्चय लागतो तो हाताच्या कौशल्याहून वेगळा असतो. चांगले शिक्षक म्हणून पहिल्या एकट्या उड्डाणाच्या आधी मुद्दाम दोन-चार वेळा जमिनीजवळ येऊन परत वर नेण्याचा सराव करवतात, आणि ज्याने आपण होऊन उतरणे सोडून दिले त्याची सर्वांसमक्ष वाहवा करतात. मला ह्या रीतीचे महत्त्व नव्या यंत्रांहून अधिक वाटते. दुसरी आडवी पट्टी बांधण्यास कोणी पैसा देणार नाही. तो काळ गेला. जो खर्च सरकारने आणि कंपन्यांनी वाचवला तो शिकणाऱ्याच्या हातापायांवर येऊन पडला आहे, हे तरी आपण उघड्या डोळ्यांनी पाहावे.

दरम्यान टाटांचे काय झाले, असे कोणी विचारील. १५ ऑक्टोबर १९८२ रोजी, पहिल्या टपालाला पन्नास वर्षे झाली म्हणून, ७८ वर्षांच्या ह्या गृहस्थाने कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूपर्यंतचे उड्डाण पुन्हा केले. विमान होते जुने ‘लेपर्ड मॉथ’. मोठी चाके पुढे, शेपटी खाली, म्हणजे गिरकी घेण्याची खोड असलेल्याच घराण्यातले. फरक एवढाच की १९३२ साली जुहूला त्यांनी वाऱ्याकडे तोंड करून मैदानात हवे तेथे उतरावे अशी मोकळीक होती, आणि ह्या खेपेस खाली आखलेली पट्टी होती.

उड्डाणशाळांतील जाणते लोक ह्या पट्टीशी एका जुन्या उपायाने जुळवून घेतात. उन्हाळ्यात ते नवशिक्यांना पहाटे उडवतात. सूर्योदयाच्या सुमारास दख्खनवर वारा बहुधा मंद असतो, काठीवरची पिशवी लोंबत असते, आणि दोन-अडीच तास पट्टी कोणत्या दिशेला आहे ह्याने काही बिघडत नाही. नऊच्या सुमारास पिशवी हलू लागते. दहाला ती आडवी होते. मग नवशिके खाली उतरतात आणि ज्यांचे शिक्षण पुढे गेले आहे ते, शिक्षकाला शेजारी बसवून, वर जातात.